घरचं सोलर, हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी : खान्देशच्या उन्हाचा हिशोब धरून

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री-अपरात्री लाईट जाते, आणि डीपीचा फ्यूज उडाला असेल तर सकाळशिवाय येत नाही. घरात वयस्क आई-वडील आहेत. जुन्या ट्यूब्युलर (पाणी टाकायच्या लेड-ॲसिड) बॅटऱ्या थकल्या होत्या, म्हणून या वेळी पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर (सूर्य, बॅटरी आणि लाईट तिन्ही सांभाळणारा) आणि लिथियम बॅटरी असं सगळंच बसवून घेतलं. कोटेशन घेताना एक गोष्ट फार खटकली. जो तो विचारतो, "किती किलोवॅट टाकायचं?" रात्री घरात काय काय चालतं आणि बॅटरी कुठे ठेवणार, हे कोणी विचारत नाही. आपल्या भागात या दोन प्रश्नांवरच निम्मं काम ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी रात्रीचा हिशोब. आमच्याकडे रात्री एक कुलर चालतो, साधारण १८० वॅटचा. नऊ तासांचे १.६ युनिट. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ३० वॅटचे, त्यांचं अर्धं युनिट. (साधा पंखा ७५ वॅट खातो. बॅटरीवर चालवायचं असेल तर पंखे आधी बदला, बॅटरी त्यानंतर घ्या.) फ्रिज रात्रभरात ०.६, दिवे-राउटर मिळून ०.३. बेरीज झाली ३ युनिट. यात इन्व्हर्टरची घट धरा. शिवाय ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच ५० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे बारा तासांत ०.६ युनिट तोच खाऊन जातो. हा आकडा कोणत्याही कोटेशनमधे दिसत नाही. सगळं धरून रात्रीची गरज ४ युनिट.

बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास), म्हणजे ५.१२ युनिट. त्यातले ९० टक्के वापरले तरी ४.६ मिळतात. रात्र निघते. जुन्या १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर कागदावर ३.६ युनिटच्या होत्या, पण त्या निम्म्याखाली उतरवल्या की लवकर मरतात, म्हणजे हातात १.८ च.

पॅनल ५४० वॅटचे ६. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिट धरायला हरकत नाही, पण आषाढ-श्रावणात झड लागली की निम्म्यावर येतं. दिवसाचा वापर आणि बॅटरी भरणं मिळून ७-८ युनिट लागतात. २ किलोवॅट टाकलं असतं तर पावसाळ्यात तोंडावर पडलो असतो, म्हणून ३.२४ घेतले.

आता बॅटरीची जागा. फिटरचं म्हणणं होतं, गच्चीच्या जिन्याखोलीत ठेवू, वायर कमी लागेल. मी ठाम नाही म्हटलं. त्या खोलीवर दिवसभर ऊन, वर स्लॅब, खिडकी नाही. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना दुपारी तिथे उभं राहवत नाही. लिथियम बॅटरीला थंडीत चार्जिंगचा त्रास असतो असं सगळीकडे वाचायला मिळतं, तो शून्याखालच्या तापमानाचा. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आपला शत्रू उष्णता. बॅटरीच्या डब्यावर छापलेली ६००० सायकल (भरून उतरवायच्या फेऱ्या) ही २५ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की झीज साधारण दुपटीने होते, असा रसायनातला जुना ठोकताळा आहे. मी बॅटरी खालच्या माजघरात ठेवली. जुन्या जाड भिंती, उत्तरेकडची बाजू. पॅनलची वायर लांबली, ती परवडते, कारण पॅनलकडून अडीचशे व्होल्टच्या आसपास येणारा करंट जेमतेम १०-१३ अँपिअर असतो. इन्व्हर्टर मात्र बॅटरीच्या शेजारीच पाहिजे, तिथे १०० अँपिअर वाहतात.

ज्यांनी बसवलंय त्यांनी अनुभव लिहा, ज्यांना बसवायचंय त्यांनी विचारा.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, चांगला धागा. आमच्याकडे सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट ग्रिडला म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं) बसवलंय. बिल जवळपास गेलं, त्यात समाधान आहे. पण लाईट गेली की भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, घर बंद! शेजारचे आबा रोज म्हणतात, "लाईट गयी का बठ्ठं बंद पडस, मंग सोलर लाईसन काय फायदा?" त्यांना काय उत्तर देऊ?

तापीतीर (भुसावळ)

इन्व्हर्टर-सोलरची कामं करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आबांना सांगा, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईट गेल्यावर वायरमन डीपीवर किंवा खांबावर काम करत असतो. तुमच्या गच्चीवरची वीज लाईनवर उलटी गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिडला जोडलेला प्रत्येक इन्व्हर्टर लाईट जाताच क्षणात बंद व्हायलाच हवा, आणि त्याची चाचणी आयएस १६१६९ प्रमाणे होते.

योजनेचं गणित वेगळं ठेवा. २०२४ मधे सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यासाठी ग्रिडला जोडणी, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा) आणि भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनल लागतात. बॅटरीला अनुदान नाही. नेट मीटर न लावता नुसतं बॅटरीवर चालणारं सोलर बसवलं तर अनुदानही नाही. मग कोणी दुकानदार "बॅटरीवालं पण सबसिडीत बसवून देतो" म्हणाला तर नेट मीटरचा अर्ज कोण करणार, आणि इन्व्हर्टर महावितरणला चालणारा आहे का, हे लेखी घ्या.

तुमच्यापुढे दोन रस्ते. ऑनग्रिड आहे तसं राहू द्या आणि पंखे-दिवे-फ्रिज वेगळ्या बोर्डावर काढून त्यांना लहान लिथियम इन्व्हर्टर द्या, तो लाईटवर चार्ज होईल. किंवा ऑनग्रिड इन्व्हर्टर काढून बॅकअपचं वेगळं आउटपुट असलेला, ग्रिडला जोडायची मान्यता असलेला हायब्रिड लावा. दुसरा महाग आहे आणि कागदपत्रं पुन्हा करावी लागतात. तुमचं सोलर नुकतंच बसलंय, तर पहिला रस्ता धरा.

आणखी एक. नेट मीटर नसताना इन्व्हर्टरमधून वीज लाईनवर सोडायची सेटिंग कोणी चालू करून दिली तर लगेच बंद करायला लावा. बेकायदा तर आहेच. वर बरेच साधे डिजिटल मीटर उलटी गेलेली वीजही तुमच्याच वापरात मोजतात, म्हणजे स्वतःची वीज देऊन वर बिल भरायचं.

केळीपट्टा (रावेर)

मला लिथियमचं एवढं कौतुक पटत नाही. ट्यूब्युलर गावात कुठेही मिळते, पाणी टाकलं की चालते, मेली तर जुनी देऊन नवीन घेताना पैसे वजा होतात. लिथियममधला एखादा भाग गेला तर जळगावलाही दुरुस्त करणारा मिळेल याचा भरवसा नाही. किंमत तिप्पट-चौपट.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नाना, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण किंमत एएचवर न मोजता, आयुष्यभरात किती युनिट देईल यावर मोजून बघा. दोन ट्यूब्युलर निम्म्यापर्यंत वापरून १२०० ते १५०० वेळा उतरवल्या तर २१६० ते २७०० युनिट. माझी लिथियम ४.६ युनिटने, छापील ६००० सोडा, उन्हामुळे ४००० च वेळा धरली तरी अठरा हजारांवर. सात-आठ पटीचा फरक आहे. कोटेशनच्या आकड्याला या युनिटांनी भागा, म्हणजे प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळेल.

मात्र हा हिशोब रोज बॅटरी वापरणाऱ्याचा आहे. ज्यांच्याकडे महिन्यातून दोन-चारदाच लाईट जाते, सोलर नाही, नुसता बॅकअप पाहिजे, त्यांची सायकल कधी पूर्ण होणारच नाहीत. त्यांनी नानांचं ऐकावं.

अनेरकाठ (चोपडा)

माझा प्रश्न इन्व्हर्टरचा नाही, गच्चीचा आहे. फाल्गुन-चैत्रात आमच्या गच्चीवर पापड, कुरडया, बिबड्या वाळत असतात आणि उन्हाळाभर रात्री अर्धं घर वरच झोपतं. सोलरवाल्याने येऊन दोन फुटांवर पॅनल टाकायची आखणी केली. सासूबाई म्हणाल्या, मग बिबड्या तुमच्या दुकानात वाळत घालायच्या का? त्यांचं बरोबर आहे. सहा पॅनलला किती जागा जाते? आणि उंच घेतलं तर वादळात टिकतं का?

तापीतीर (भुसावळ)

ताई, सासूबाईंचं ऐकाच. ५४० वॅटचा पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. एकाला २८ चौरस फूट, सहांना १७० आणि मधे फिरायला जागा वेगळी. दक्षिणेकडची कमी उंचीची बाजू साडेसहा-सात फुटांवर घेतली की खाली माणूस सरळ चालतो, खाटा मावतात. वाळवणासाठी मात्र उन्हाची मोकळी पट्टी वेगळी सोडा. पॅनलच्या सावलीत बिबड्या वाळायच्या नाहीत.

उंच स्ट्रक्चरला खर्च जास्त येतो, आणि तो पाइपपेक्षा पायात घाला. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, हे नानांना मी सांगायला नको. तोच वारा पॅनलखाली शिरला की वर उचलतो. प्रत्येक पॅनल २७-२८ किलोचा असला तरी वाऱ्यापुढे वजनाचं काही चालत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड पाइप, चारही बाजूंनी तिरपे आधार, पाय कॉलम किंवा बीमवर केमिकल अँकरने. नुसत्या स्लॅबला फास्टनर मारून त्यावर सिमेंटचा गोळा ओतणं म्हणजे पुढे गळती ठरलेली. आणि तिरकेपणा २० अंशांच्या आसपास, तोंड दक्षिणेला.

उंच घेतल्याचा एक फायदा कोणी सांगत नाही. पॅनल उन्हात ६५-७० अंशांपर्यंत तापतो. २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३० ते ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे आपल्या मे महिन्यात १२ ते १५ टक्के तिथेच गेले. खालून वारा खेळता राहिला तर त्यातलं काही वाचतं. म्हणून मेमधे ऊन जास्त असूनही मीटरवर मार्चएवढीच वीज दिसली तर घाबरू नका.

धुवायचं असेल तर पहाटे, काच गार असताना. आणि बोअरचं पाणी शक्यतो नको. आपल्याकडचं पाणी क्षाराचं आहे, वाळल्यावर काचेवर पांढरा थर बसतो आणि तो नंतर निघत नाही. नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरे.

पांझराकाठ (धुळे)

उन्हाबद्दल बोलणं निघालंय म्हणून सांगतो. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. ऊन आपल्याकडे भरपूर, हे सरकारने केव्हाच ओळखलं होतं. आपण घरच्या गच्च्यांचा विचार उशिरा केला.

माझा प्रश्न गावच्या घराचा. ते धाब्याचं आहे. सागाची पाटाई आणि वर मातीचा थर. त्यावर पॅनल बसतील का?

तापीतीर (भुसावळ)

धाब्यावर बसवू नका. मातीत पाय घट्ट बसत नाही, भोक पाडलं की पाणी मुरून पाटाई कुजते, आणि जुन्या लाकडाने आधीच मातीचा भार धरलेला असतो. अंगणात किंवा गोठ्यालगत जमिनीत फाउंडेशन घेऊन स्ट्रक्चर उभं करा, खाली सावली होईल ती गुरांना. झाडाची सावली मात्र तपासा. एका पॅनलवर निंबाची फांदी आली तरी पूर्ण ओळीची वीज खाली येते.

गिरणाई (भडगाव)

दादा, आमच्याकडे सगळं बसलंय, पण फिटर सेटिंगचं काही न सांगता गेला. इन्व्हर्टरवर बॅटरीचा प्रकार "फ्लडेड" दिसतोय आणि बॅटरी लिथियम आहे. चालतंय तर चालू देऊ का?

तापीतीर (भुसावळ)

नका चालू देऊ. आजच बदला. फ्लडेड म्हणजे पाणी टाकायची बॅटरी. त्या सेटिंगमधे इन्व्हर्टर अधूनमधून इक्वलायझेशनसाठी (सेल एकसारखे करायला) व्होल्टेज चढवतो आणि काही मॉडेल तापमानाप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतात. लिथियमला यातलं काहीही नको असतं. बॅटरीचं बीएमएस (सेल सांभाळणारं आतलं सर्किट) आहे म्हणून ती अजून जिवंत आहे, पण बीएमएस शेवटचा बंधारा आहे, रोजचा दरवाजा नाही.

हे नीट वाचा, सगळ्यांनाच लागेल.

पहिलं काम, बॅटरीत सेल किती आहेत ते पाहा. बाजारात "४८ व्होल्ट" नावाने दोन प्रकार विकले जातात. १६ सेलची बॅटरी ५१.२ व्होल्टची असते आणि १५ सेलची ४८ व्होल्टची. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट. म्हणजे १६ सेलला ५८.४ आणि १५ सेलला ५४.७५. खालचे आकडे १६ सेलसाठी आहेत. १५ सेलच्या बॅटरीवर ते टाकले तर ओव्हरचार्ज होईल, म्हणून लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा.

बल्क चार्जिंग (मुख्य भरणं) ५६.० ते ५६.८ व्होल्ट. फ्लोट (भरल्यावर टिकवून धरायचं) ५४.०. खालचा कट-ऑफ ४८. इक्वलायझेशन बंद. चार्जिंग करंट १०० एएच बॅटरीला ५० अँपिअरच्या वर नको. कारखान्यातून येताना इन्व्हर्टरमधे हा आकडा ६० किंवा जास्त असू शकतो, तो उतरवा. ५० वर ठेवलं तरी सूर्याकडून अडीच किलोवॅटच्या वर बॅटरीत जातात, काही कमी पडत नाही.

आता टक्केवारीबद्दल. लिथियमचा व्होल्टेज ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळजवळ सारखाच असतो, थोडा लोड आला-गेला की तेवढा फरक असाच पडतो. त्यामुळे व्होल्टेज बघून बॅटरी किती उरली हे कळत नाही. इन्व्हर्टर आणि बीएमएस यांच्यात कॅन किंवा आरएस ४८५ ची कम्युनिकेशन केबल टाका. दिसायला ती लॅनच्या केबलसारखी असते, टोकं तीच, पण आतल्या पिन वेगळ्या जुळवलेल्या असू शकतात. दुकानातली लॅन केबल खोचून "बीएमएस एरर" येतो म्हणून मला कितीतरी लोकांनी बोलावलंय. बॅटरीबरोबर आलेली केबल वापरा, मेनूत बॅटरीचा प्रकार लिथियम करा, प्रोटोकॉल तुमच्या बॅटरीच्या कंपनीचा निवडा, आणि बॅटरीच्या मागची छोटी डिप स्विच पुस्तिकेप्रमाणे ठेवा. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरची टक्केवारी बॅटरीच्या स्क्रीनशी जुळली की समजायचं बोलणं सुरू झालं. मग लाईटवर परत जायची मर्यादा २० टक्के ठेवता येते.

प्राधान्यक्रम एरवी "एसबीयू" ठेवा, म्हणजे आधी सूर्य, मग बॅटरी, शेवटी लाईट. मे-जूनमधे वादळाची चिन्हं दिसली की लाईट आधी घ्या, बॅटरी भरलेली राहू द्या. त्या रात्री तार तुटली तर सकाळपर्यंत तुम्हाला तीच लागणार.

गावात रात्री व्होल्टेज १६०-१७० वर येतं तिथे इनपुट रेंज "यूपीएस" असेल तर इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो आणि तुम्ही म्हणता बॅटरी टिकत नाही. "अप्लायन्स" रेंज साधारण ९० ते २८० व्होल्ट घेते. पण तेच पडलेलं व्होल्टेज मग फ्रिजलाही जातं, त्यामुळे फ्रिजची काळजी असेल तर यूपीएसच ठेवा आणि बॅटरीचा वापर मोजून चाला.

गिरणाई (भडगाव)

दादा, खूप आभार. लेबलवर ५१.२ आहे. प्रकार लिथियम केला, केबल बॅटरीच्या खोक्यातच पडलेली होती, फिटरने लावलीच नव्हती. आता दोन्हीकडे ७३ टक्के दिसतंय.

पारोळेकर (पारोळा)

आमच्याकडे खाली एकच गार खोली आहे, तिथे दिवाळीनंतर कापूस भरलेला असतो, भाव यायची वाट बघत. इन्व्हर्टर-बॅटरी त्याच खोलीत कोपऱ्यात ठेवली तर? मधे पत्र्याचं पार्टिशन टाकतो.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

अजिबात नको भाऊ, पार्टिशन टाकूनही नको. आपल्या बॅटरीतला एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल इतर लिथियमच्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे हे खरं, पण आग फक्त सेलमधून लागत नाही. ढिला बसलेला लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) तापतो, डीसी स्विचमधे ठिणगी पडते. इन्व्हर्टरचा पंखा खोलीतली हवा आत ओढतो, त्याबरोबर कापसाची तूस आत जाऊन हीट सिंकवर बसते. आधी इन्व्हर्टर तापतो, मग पुढचं सांगायला नको. वर्षाचं पीक आणि घर एका खोलीत पणाला लावू नका. ओट्यावर पूर्व किंवा उत्तर भिंतीला, छपराखाली, उन्हाची तिरीप येणार नाही अशी जागा पाहा. जाळीचा दरवाजा करा, चारी बाजूंनी फूटभर मोकळं सोडा. खोलीपेक्षा थोडं गरम राहील, ते चालेल.

तापीतीर (भुसावळ)

बोरीकाठ दादांशी शंभर टक्के सहमत. आणि वायरिंगचं इथेच सांगून टाकतो. ५ किलोवॅटला ४८ व्होल्टवर १०० अँपिअरच्या वर करंट. बॅटरीची केबल तांब्याची, किमान ३५ चौरस मिलीमीटर, लग क्रिंप मशीनने दाबलेले, हातोडीने ठोकलेले नकोत. बॅटरीच्या अगदी जवळ डीसीचा फ्यूज. पॅनलच्या बाजूला घरातला एसी एमसीबी कधीही लावू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून ठिणगी विझते. डीसीला शून्यच नाही, ठिणगी ताणत राहते आणि डबा जळतो. डीसी एमसीबी आणि एसपीडी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं) वेगळे मिळतात, तेच घ्या.

अर्थिंगला पॅनल, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) यांचे खड्डे वेगवेगळे. आपली काळी माती ओली असताना फार चांगली, पण एप्रिल-मेमधे तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती सुटते. पावसाळ्यात अर्थ टेस्टरवर २ ओहम दाखवणारा खड्डा मेमधे कितीवर जातो ते मोजून बघा. ५ ओहमच्या आत राहायला हवा. आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकत जा. पहिला वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, नेमका खड्डा सर्वात कोरडा असताना.

अनेरकाठ (चोपडा)

उंची साडेसहा फूट ठरली, सासूबाई राजी! आता बॅटरीचा प्रश्न. एक ओळखीचा माणूस सुट्या सेलची जोडून देतोय, निम्म्या किमतीत. म्हणतो सेल नवीन आहेत. कसं ओळखायचं?

तापीतीर (भुसावळ)

ताई, गाड्यांतून काढलेले वापरलेले सेल नवीन आवरण चढवून विकले जातात, दिसण्यावरून काही कळत नाही. तरी झाकण उघडायला लावा. टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगची खूण किंवा घासल्याचे चरे, क्यूआर कोड खरवडलेला, सेलची बाजू फुगलेली, यातलं काही दिसलं तर उठून या. सेलला आयएस १६०४६ ची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी आहे का विचारा, तो क्रमांक मागा.

खरी परीक्षा लोडची. पैसे देण्याआधी बॅटरी पूर्ण भरायला लावा, सोलर आणि लाईट दोन्ही बंद करा, १००० वॅटची इस्त्री नको कारण ती आपोआप बंद-चालू होते, १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडून लावा. पाणी उकळायच्या आत बादली बदलत राहा, रॉड चालू असताना पाण्याला हात नको. ५.१२ युनिटची बॅटरी साडेचार तासांच्या आसपास चालली पाहिजे. तीन तासांत बंद पडली तर ती १०० एएच नाही. शेवटी-शेवटी ॲपमधे प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघा. बाकीचे ३.१ वर असताना एखादाच २.७ वर घसरला असेल तर तोच पूर्ण बॅटरीला खाली ओढतोय. दुकानदार चाचणीला नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

केळीपट्टा (रावेर)

वाचून माझं मत थोडं बदललं. आमच्याकडे रोज तीन-चार तास जाते, म्हणजे बोरीकाठांच्या हिशोबाने मी लिथियमवालाच. पण पावसाळ्यात झड लागली, आठ-आठ दिवस बॅटरी पूर्ण भरलीच नाही, तर खराब होते का? ट्यूब्युलर होते.

तापीतीर (भुसावळ)

नाही नाना, अर्धवट भरलेली राहिली म्हणून एलएफपीचं काही बिघडत नाही. उलट सतत १०० टक्क्यांवर ठेवण्यापेक्षा ते बरं. बिघडतो तो टक्केवारीचा हिशोब. बीएमएस आत-बाहेर गेलेला करंट मोजून टक्के सांगतं, त्यातली छोटी चूक रोज साचत जाते, आणि पूर्ण भरल्यावरच ती शून्यावर येते. सेल एकसारखे करायचं कामही वरच्या टोकालाच होतं. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा लाईटवरून १०० टक्के भरा आणि तास-दोन तास तसंच राहू द्या. नाहीतर स्क्रीनवर ३० टक्के दिसत असताना घर अचानक बंद पडेल.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

दादा, एक माझाही प्रश्न. पुढच्या वर्षी दुसरी १०० एएच त्याच कंपनीची जोडायची आहे. थेट पॅरलल (समांतर) जोडू का?

तापीतीर (भुसावळ)

थेट नको. दोन्ही वेगवेगळ्या १०० टक्के भरा, बंद करून तासभर ठेवा, मीटर लावा. दोघींत ०.१ व्होल्टच्या वर फरक असेल तर जोडू नका, नाहीतर भरलेलीतून रिकामीत एकदम करंट धावतो आणि बीएमएस उडतं. जोडताना दोन्हींच्या केबल सारख्याच लांबीच्या घ्या. इन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघी सारखा भार उचलतील. दुसरीच्या डिप स्विचवर पत्ता २ करायला विसरू नका, आणि पहिलीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर दोन्हींचं एकच करून घ्या. चार्जिंग करंट त्यानंतरच ५० वरून वाढवा.